बरडावरचा फुलोरा

वाशीम जिल्ह्याला वाळवंट म्हणावे अशी नोंद भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात नाही, आणि कोणी तसे म्हटलेच तर पैनगंगेच्या काठच्या काळ्याभोर रानात सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्याने त्याच्याकडे आश्चर्याने पाहावे हे उचितच होय; परंतु मे महिन्याच्या उत्तरार्धात, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर ठाण मांडून बसलेला असताना, कारंजा, मानोरा किंवा मंगरुळपीर तालुक्यातील एखाद्या उंच बरडावर जो भर दुपारी उभा राहिला असेल, मुरमाची धग वहाणेतून तळव्यापर्यंत पोचल्याचे ज्याने अनुभवले असेल, आणि ज्याच्या नजरेस चहूकडे करडा दगड, करपलेल्या गवताचे बुडखे आणि दूरवर एखादी बाभूळ यांखेरीज काहीही पडले नसेल, त्याला वाळवंट म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी जैसलमेरपर्यंत जाण्याची गरज नाही.

तोच मनुष्य श्रावण सरता सरता त्याच बरडावर पुन्हा गेला, तर आपण वाट चुकलो की काय असा संभ्रम त्याला पडावा. गुडघाभर वाढलेल्या पवन्या आणि कुसळीच्या मधून, माती जेमतेम चार बोटे साचली आहे अशा खडकाच्या खोलग्यांतून, विष्णुक्रांतेची नखाएवढी निळी फुले सकाळच्या उन्हात उघडलेली असतात आणि मध्यान्ह होईतो मिटूनही जातात; नभाळीचे जांभळे तुरे भेगाभेगांतून वर आलेले असतात; सफेद मुसळीची सहा पाकळ्यांची शुभ्र फुले, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका घेऊन, एकेका दांड्यावर क्रमाक्रमाने उमलत असतात; आणि बांधालगतच्या झुडपावर, पानाच्या टोकालाच तणाव्याचे रूप देऊन चढलेली कळलावी, मागे वळलेल्या आपल्या पाकळ्यांचा हिरवट पिवळा रंग दिवसागणिक केशरी आणि अखेरीस गडद तांबडा करीत जाते. हा सारा सोहळा फार तर सहा-सात आठवड्यांचा असतो. अश्विनात कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे त्याचा निरोप घेऊन येतात, दिवाळीपर्यंत गवत पिवळे पडते आणि होळीच्या सुमारास बरड आपल्या मूळच्या करड्या रूपात परत जातो. पाऊस वेळेवर आणि पुरेसा झाला नाही त्या वर्षी तर हा फुलोरा इतका विरळ असतो की वाटसरूच्या तो ध्यानातही येऊ नये.

माझे म्हणणे असे की हा फुलोरा म्हणजे या जिल्ह्याची स्थावर मालमत्ता आहे, जिल्ह्याच्या कोणत्याही इमारतीहून जुनी आणि कोणत्याही अंदाजपत्रकातून पुन्हा उभी न करता येणारी. आणि वर्षाचे आठ-नऊ महिने जी जमीन उजाड दिसते ती रिकामीच आहे असे धरून चालण्याची आपल्या कारभाराची जी जुनी सवय आहे, ती सवय ही मालमत्ता आपल्या डोळ्यांदेखत खर्ची टाकीत आहे.

या जमिनीची घडण प्रथम पाहिली पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरांवर थर चढत गेलेल्या लाव्हारसाचा हा कठीण काळा दगड; त्याचा वरचा पदर झिजून जो मुरूम झाला तो सखल भागात वाहून काळी माती बनला, आणि उंचवट्यावर उरला तो एक पातळ, खरबरीत थर, ज्यात पाणी थांबत नाही, नांगर चालत नाही आणि झाडाचे मूळ खोल उतरत नाही. वाशीमचे पठार हे दोन समुद्रांमधले पाणी वाटून देणारे पठार आहे: येथून निघालेली काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळून तापीमार्गे अरबी समुद्राला जाते, आणि पूस व अडाण या पैनगंगेमार्गे गोदावरीच्या, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतात. अशा पाणलोटाच्या माथ्यावर जे जगते त्याने पाण्याच्या मुबलकतेवर भिस्त ठेवून चालत नाही. त्याला थांबण्याची विद्या अवगत असावी लागते.

ती विद्या किती परींनी साधली आहे याचा विचार करताना बुद्धी थक्क होते. रानकांदा घ्या. ऐन उन्हाळ्यात, जमिनीवर हिरवे पान औषधालाही नसताना, हा कंद मुरमातून एकच सरळ दांडा वर काढतो आणि त्यावर मातकट-हिरवट रंगाची लोंबती फुले धरतो; पाने यायची ती मागाहून, पाऊस पडल्यावर. गतवर्षीच्या पावसातले अन्न कांद्याच्या पदरापदरांत साठवून त्याने हा खर्च भागविलेला असतो. मुसळी, नभाळी आणि कळलावी यांचाही बाणा तोच: वरचा पाला वाळला तरी खाली मुळे, गाठी व कंद शाबूत असतात, आणि मृगाच्या सरी त्यांना केवळ वर्दी देतात.

ज्यांना कंद नाही त्यांची भिस्त बियांवर असते, आणि बियांची कथा याहूनही विलक्षण आहे. वऱ्हाडातल्या जुन्या शेतकऱ्याला ती निराळ्या वाटेने ठाऊक आहे, कारण त्याने ज्वारीतला टारफुला पाहिलेला आहे. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस ओढणारे, इवल्या फुलांचे हे परजीवी रोप आपल्या धुळीएवढ्या बिया जमिनीत टाकून जाते, आणि त्या बिया जवळून एखादे योग्य मूळ जाईपर्यंत वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतात. त्यांना जागे करणारे द्रव्य शास्त्रज्ञांना १९६६ साली प्रथम हाती लागले ते कपाशीच्या मुळांच्या स्रावातून. आणि यातली विशेष गोष्ट ही की कपाशीच्या मुळाने जागे झालेले टारफुल्याचे बी कपाशीवर जगू मात्र शकत नाही, ते उगवून मरते. ज्वारी आणि कपाशी यांची पाळी धरणाऱ्या आपल्या पूर्वजांना या रसायनाचे नाव माहीत नव्हते, पण जमिनीत काहीतरी दबा धरून बसलेले असते एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

बरडावरच्या निरुपद्रवी फुलांचे बीही असेच असते, पण ते पराया मुळाची वाट पाहत नाही, पावसाची पाहते, आणि तीही कोणत्याही पावसाची नव्हे. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील वाळवंटी मातीवर प्रयोग करून असे दाखविले, की वरून पुरेसा पाऊस पाडला तर बिया उगवतात, परंतु तीच माती खालून पाणी चढवून ओली केली तर उगवत नाहीत. याचे कारण असे, की बीजाच्या आवरणात अंकुर रोखणारी द्रव्ये असतात आणि ती धुऊन जावी इतके पाणी वरून वाहून गेल्याखेरीज बीज विश्वास टाकीत नाही. शिवाय एकाच झाडाच्या साऱ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत. काही पुढच्या, काही त्याच्या पुढच्या सालासाठी मागे राहतात, म्हणजे एखादे साल फसवे निघाले तरी वंश बुडत नाही. डॅन कोहेन यांनी १९६६ साली या शहाणपणाची गणिती मांडणी केली. वऱ्हाडातल्या ज्या घरांनी पेवात ज्वारी पुरून दुष्काळासाठी राखली त्यांना ते गणित समजावून सांगावे लागले नसते.

आणि कुसळी. चराईच्या काळात धोतराला आणि मेंढरांच्या लोकरीला टोचणारे हे गवत लोकांना नकोसे वाटते. परंतु त्याचे एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडून पाहावा. त्याची लांब, काळसर, पीळ घातलेली शेपटी हळूहळू उलगडत स्वतःभोवती फिरू लागते. सुकली की पुन्हा पीळ भरते. आणि या फिरण्याने बीजाचे तीक्ष्ण टोक मुरमाच्या भेगेत इंचाइंचाने खाली शिरते. दवाने भिजून आणि उन्हाने सुकून, कोणाच्याही हाताशिवाय, ते आपले आपण पेरले जाते.

आता हे सारे मुरमाच्या वरच्या दोन-चार बोटांत घडते ही गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी, कारण माझा सगळा युक्तिवाद त्या दोन-चार बोटांचा आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, पुढे १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला, १९०५ साली जुना वाशीम जिल्हा मोडून अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुनश्च स्वतंत्र झाला. इतकी स्थित्यंतरे झाली तरी महसुली दप्तरातली एक गोष्ट कायम राहिली, ती ही की गावच्या चराईसाठी राखलेल्या जमिनी येथे आजही ‘ई-क्लास’ म्हणून ओळखल्या जातात. पैमाईश करणाऱ्यांनी जमिनीचा कस पाहून आकार ठरविला आणि ज्या जमिनीतून सरकारजमा होण्यासारखे काही नव्हते ती गुराढोरांसाठी सोडली, हे त्या काळच्या हिशेबाने योग्यच झाले. किंबहुना या दुर्लक्षामुळेच बरडाचा वरचा पदर शतकभर शाबूत राहिला. संकट आले ते दुर्लक्ष संपले तेव्हा. जमिनीची मागणी वाढली, आणि प्रत्येक नव्या योजनेच्या मसुद्यात ‘उपलब्ध शासकीय जमीन’ या रकान्याखाली पहिली नोंद ई-क्लासची होऊ लागली.

त्यांतले सर्वांत सद्हेतूचे, आणि म्हणूनच ज्याच्याविरुद्ध लिहिताना लेखणी अडखळते असे कार्य म्हणजे वृक्षलागवड. राज्याने २०१६ साली एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प केला, २०१७ साली चार कोटींचा, २०१८ साली तेरा कोटींचा आणि २०१९ साली तेहतीस कोटींचा. एवढी झाडे लावायची कोठे, हा प्रश्न उभा राहिल्यावर ज्या जमिनीवर झाड दिसत नाही तिच्याकडे बोट दाखविले जाणे अपरिहार्य होते. ज्या माळावर झाड नाही तो माळ आजारी आहे असे आपण गृहीत धरले; मुरमाचा पातळ थर, प्रखर ऊन, चराई आणि हजारो वर्षांचा काळ यांनी मिळून घडविलेले ते एक पूर्ण, निरोगी गवताळ रान आहे ही शक्यता कोणी विचारात घेतली नाही. यंत्राने खड्डे खणले, समतल चर काढले, म्हणजे वरचा पदर खाली गेला आणि खालचा वांझ दगड वर आला. कंद उन्हात पडले आणि बिया हातभर खोल गाडल्या गेल्या, जेथून त्यांना वर येता येत नाही. त्यावर गिरिपुष्पाची रोपे लावली. ती जगली तर त्यांच्या सावलीत उन्हाची भुकेली फुले जगत नाहीत, आणि मेली तर उरतो तो खड्ड्यांनी उकरलेला मुरूम, ज्याच्यावर गाजरगवत सर्वांआधी ताबा घेते. हवेतला कर्ब शोषून घेण्याचे जे पुण्य आपण रोपांच्या खाती मांडतो, तेच काम गवत आपल्या मुळांच्या जाळ्यातून जमिनीखाली करीत असते. ते दिसत नाही एवढाच त्याचा अपराध.

मुरमाच्या उत्खननाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्याचे समर्थन कोणी उघडपणे करीत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला, त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि मालाची ने-आण सुलभ झाली हे मान्य केलेच पाहिजे. तथापि रस्त्यांना, मग ते मोठे असोत की पांदणीचे, भराव लागतो, भरावाला मुरूम लागतो आणि मुरूम बरडाखेरीज कोठे नसतो. सौर ऊर्जेच्या प्रकल्पांसाठीही शासकीय व गायरान जमिनी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याला माझा यत्किंचितही विरोध नाही. कोणता बरड द्यायचा आणि कोणता राखायचा हे कोणी पाहून ठरविते काय, एवढेच मी विचारतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ई-क्लासवर वहिती करणारी जी भूमिहीन कुटुंबे आहेत, ज्यांत दलित, बंजारा आणि फासेपारधी यांची संख्या मोठी आहे, त्यांना बेदखल करण्यासाठी कोणी फुलांचे निमित्त पुढे करू लागला तर त्याला माझा पाठिंबा गृहीत धरू नये. दोन एकरांवर पोट भरणाऱ्या माणसाने बरडाची हानी केली नाही. ती यंत्रांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंह खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याविषयी जो निर्णय दिला, त्यातही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद राखलेला आहे. किंबहुना बरडाची खरी जाण त्याच लोकांपाशी आहे. फासेपारधी समाजाला ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि स्वतंत्र भारताने १९५२ साली तो पुसला. या समाजाला गवताचे, पाखरांचे आणि वाटांचे जे ज्ञान आहे ते कोणत्याही पदवी परीक्षेच्या पलीकडचे आहे. कारंजाच्या ‘संवेदना’ या संस्थेने अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर राखण्याचे काम याच लोकांना बरोबर घेऊन केले. पावसाळ्यात गवतातून उसळी घेऊन मादीला साद घालणारा हा काळा-पांढरा पक्षी २०२१ पासून जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो, आणि त्याला हवे असते ते नेमके हेच: गुडघाभर गवत, त्यातली फुले, फुलांवरचे किडे आणि झाडांचा अभाव. कारंजा-सोहळ येथे काळविटांसाठी सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. पण फुलोरा आणि तणमोर अभयारण्याच्या हद्दीचे दगड वाचीत नाहीत, आणि त्यांचा बराचसा संसार हद्दीबाहेरच्या ई-क्लासवरच चालतो.

दक्षिण अमेरिकेत चिली नावाच्या देशात अटाकामा हे जगातील अत्यंत कोरड्या वाळवंटांपैकी एक आहे. तेथे वर्षानुवर्षे काही उगवत नाही. मग एखाद्या वर्षी, जसा २०१५ साली पडला तसा, अवचित पाऊस पडतो, आणि रेताड मैदाने मैलोगणती गुलाबी आणि जांभळी होतात. लोक वाहने घेऊन त्या मैदानांत शिरू लागले, फुले तुडवू व उपटू लागले, तेव्हा तेथील शासनाने २०२२ साली त्या फुलत्या वाळवंटाचे राष्ट्रीय उद्यान करण्याची घोषणा केली. ज्या जमिनीवर बहुतेक वर्षी पाहण्यासारखे काही नसते तिचे उद्यान करणे हा माझ्या मते कारभाराच्या प्रौढपणाचा उत्तम दाखला होय. आपल्याला तर दहा वर्षे थांबावे लागत नाही. आपला फुलोरा कमीअधिक प्रमाणात दरसाल येतो.

वाशीमची माती साहित्याला अपरिचित आहे असेही नाही. वाकाटकांच्या काळात हेच वत्सगुल्म होते. प्राकृतात ‘हरिविजय’ हे आज अनुपलब्ध असलेले काव्य रचणारा सर्वसेन येथलाच राजा. आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला तो याच नगरात. एवढी कीर्ती ज्या गावाने एकदा भोगली, त्याच्या परिसरातल्या फुलांची स्वतंत्र यादी आजच्या जिल्ह्याच्या सीमेत करायला काय हरकत आहे? भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा वाशीम अकोल्यातच होते. त्या ग्रंथाला आधार धरून आज बरडाबरडावर काय उरले आहे आणि काय गेले आहे हे आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका पावसाळ्यात पाहून घेण्याजोगे आहे.

कायदाही हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे, आणि त्याच कायद्याखाली राज्याला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करता येते. गडचिरोलीतील आलापल्लीच्या वनाला हा मान २०१४ साली मिळाला. आंबोलीच्या हिरण्यकेशी कुंडात सापडलेल्या बोटभर माशासाठी २०२१ साली तेथेही तो दिला गेला. एका माशासाठी जे होऊ शकते ते एका बरडासाठी का होऊ नये? त्यासाठी कुंपण नको, प्रवेशद्वार नको, आणि कासच्या पठारासारखी रविवारची झुंबड तर नकोच नको. गवत कापावे, पण बी गळल्यावर. गुरे चारावी, पण फुलोऱ्याच्या आठवड्यांत त्यांना बरडाच्या दुसऱ्या भागात वळवावे. मुसळी आणि कळलावी यांच्या मुळ्या व्यापाऱ्याच्या पोत्यात जाऊ नयेत यावर गावानेच नजर ठेवावी. चराई पूर्ण बंद केली तर गवत माजून फुले गुदमरतात हे गुराख्याला विचारल्यास तोच सांगेल, आणि म्हणून या व्यवस्थेत त्याचा शब्द प्रमाण मानावा.

माझी जिल्हा प्रशासनाकडे आणि ग्रामसभांकडे मागणी एवढीच आहे, की येत्या पावसाळ्यातल्या लागवडीच्या आणि उत्खननाच्या मंजुऱ्या देण्यापूर्वी सहाही तालुक्यांतील ई-क्लासची यादी तहसिलीच्या दप्तरातून बाहेर काढावी, भाद्रपदात तलाठी, गुराखी आणि वनस्पतिशास्त्राचा एखादा अध्यापक यांनी मिळून त्या जमिनींवरून पायी फिरावे, आणि ज्या बरडाचा वरचा पदर अद्याप मोडलेला नाही त्याच्यापुढे, खड्डे, मुरूम आणि पट्टे यांच्या प्रत्येक रकान्यात, स्पष्ट अक्षरांत ‘राखीव’ असा शेरा मारावा.